क्रँक आणि कॅम सेन्सर ऑसिलोस्कोपवर तपासताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी सेल्फ घेते, पण इंजिन उचलत नाही. स्कॅनर लावला की क्रँक सेन्सरचा (इंजिनचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, कुठे आहे आणि किती वेगाने फिरतोय हे सांगणाऱ्या सेन्सरचा) कोड दिसतो. मग नवा सेन्सर येतो, बसतो, आणि गाडी तशीच्या तशी उभी. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे, की आता स्कोप, म्हणजे व्होल्टेज वेळेबरोबर कसं बदलतं ते स्क्रीनवर दाखवणारा ऑसिलोस्कोप, लावल्याशिवाय सेन्सरच्या बोल्टला पाना लावायला माझा हात धजत नाही. खालचे प्रश्न शिकाऊ मेकॅनिक विचारतात, स्वतःची गाडी स्वतः पाहणारे विचारतात, कधी जुने जाणते कारागीरही विचारतात.

पी ०३३५ कोड आला म्हणजे सेन्सर गेला, असंच ना?

नाही. तो कोड क्रँक सेन्सरच्या सर्किटबद्दल आहे. सर्किटमध्ये सेन्सर आला, त्याच्या समोरून फिरणारं दातेरी चाक आलं, वायरी, कनेक्टर, सप्लाय, अर्थ आणि ईसीयूमधला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरमधला) सिग्नल वाचणारा भागही आला. यातलं काहीही बिघडलं तरी कोड तोच. पी ०३३६ आला तर सिग्नल येतो आहे, पण ईसीयूला तो पटत नाही. पी ०३४० कॅम सेन्सरच्या सर्किटचा; कॅम म्हणजे झडपा उघडणारा दांडा, क्रँकच्या दोन फेऱ्यांत त्याचा एक फेरा होतो. आणि पी ००१६ म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. या शेवटच्या कोडवर आधी सेन्सर बदलू नका. बरेचदा दोन्ही सेन्सर खरं तेच सांगत असतात आणि सरकलेली असते ती टायमिंगची चेन किंवा बेल्ट.

मल्टिमीटर असताना स्कोप कशाला?

मल्टिमीटर सरासरी दाखवतो. ५ व्होल्ट आणि शून्य यांच्यात सारखा उड्या मारणारा सिग्नल त्याच्यावर अडीच व्होल्टच्या आसपास स्थिर दिसतो, आणि त्यातला एक दात गायब असला तरी आकडा फारसा हलत नाही. कॉइलच्या सेन्सरचा रेझिस्टन्स मोजता येतो, बऱ्याच सेन्सरांत तो काहीशे ओहमपासून हजाराच्या थोडा वर असतो. पण तो बरोबर आला म्हणून सेन्सर बरोबर, असं होत नाही. चाकाचा दात तुटला असेल, सेन्सर आणि चाकातली फट वाढली असेल किंवा टोकाला लोखंडाचा चुरा चिकटला असेल, तर ओहमला त्याचा पत्ताही लागत नाही. हॉल सेन्सरवर (सप्लायवर चालून चौकोनी सिग्नल देणाऱ्या सेन्सरवर) तर ओहम मोजूच नका. आत इलेक्ट्रॉनिक्स असतं, आकडा निरर्थक येतो.

सेन्सर कुठल्या प्रकारचा आहे, हे कसं ओळखायचं?

वायरींच्या संख्येवरून अंदाज येतो, खात्री मात्र सर्किट डायग्रामवरूनच करायची. दोन वायरी असतील तर बहुतेक वेळा इंडक्टिव्ह, म्हणजे चुंबकावर गुंडाळलेली कॉइल. तिला सप्लाय लागत नाही, दात समोरून गेला की ती स्वतःच व्होल्टेज तयार करते. तीन वायरी असतील तर बहुधा हॉल : एक सप्लाय, एक अर्थ, एक सिग्नल. पण काही इंडक्टिव्ह सेन्सरांनाही तिसरी वायर असते, ती नुसती शिल्डची. इग्निशन चालू करून कनेक्टर काढा आणि हार्नेसच्या, म्हणजे गाडीच्या वायरिंगच्या, बाजूने पिना मोजा. एका पिनवर ५, ८ किंवा १२ व्होल्टचा पक्का सप्लाय, दुसरीवर अर्थ आणि तिसरीवर ईसीयूतून आलेलं व्होल्टेज मिळालं, तर समोर हॉल सेन्सर आहे.

स्कोप कसला हवा? दोन चॅनेल पुरतात का?

क्रँक आणि कॅम एकत्र पाहायला दोन चॅनेल पुरतात. चार असले तर सप्लाय आणि अर्थही त्याच वेळी पाहता येतात, आणि अधूनमधून येणाऱ्या बिघाडात त्याचा खूप उपयोग होतो.

वेगाच्या मोठमोठ्या आकड्यांमागे फार धावू नका, हे सिग्नल तसे संथच आहेत. ६० भागांच्या चाकावर गंमत अशी की इंजिनचे मिनिटाला जितके फेरे, तितकेच दाते सेकंदाला जातात : ८०० आरपीएमला ८०० हर्ट्झ. मला जास्त महत्त्वाची वाटते ती मेमरी. समजा स्क्रीनवर १० सेकंद बसवले आणि स्कोपच्या मेमरीत १०,००० नमुनेच मावतात. म्हणजे सेकंदाला १,००० नमुने. ८०० हर्ट्झच्या सिग्नलला ते अपुरे आहेत, आणि स्क्रीनवर २०० हर्ट्झची एक सुबक, पण साफ खोटी लहर उमटते. तिच्यावरून निदान केलं की चूक ठरलेली. लहर विचित्र दिसली तर आधी टाइमबेस (स्क्रीनवर बसवलेला वेळ) लहान करा आणि मग ठरवा.

बिट्सचाही फरक पडतो. ८ बिटांचा स्कोप १०० व्होल्टची रेंज २५६ पायऱ्यांत कापतो, म्हणजे एक पायरी सुमारे ०.४ व्होल्टची. तेवढ्या रेंजवर सेल्फ मारतानाचा दुबळा सिग्नल पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. १२ बिटांत पायऱ्या ४,०९६ असतात. ८ बिटांचा स्कोप असेल तर सेल्फसाठी रेंज लहान ठेवा, इंजिन सुरू झाल्यावर वाढवा.

प्रोब कुठे लावायचा? वायरला टोचलं तर चालेल?

टोचू नका. इन्सुलेशनला पडलेल्या छिद्रातून पाणी आत शिरतं, तांबं हिरवं पडतं आणि काही महिन्यांनी तिथे नवाच बिघाड तयार होतो. कनेक्टर जोडलेलाच ठेवून त्याच्या मागच्या बाजूने, रबरी सीलच्या कडेने बारीक पिन आत सरकवा. पुढून पिनमध्ये जाड टोक खुपसलं तर पिन फाकते, आणि तो बिघाड तुम्हीच केलेला असतो. मागून मोजणं जमणार नसेल तर ब्रेकआउट लीड (कनेक्टरच्या मध्ये जोडायची, मोजायला टोकं असलेली वायर) वापरा.

हॉल सेन्सरसाठी स्कोपचा अर्थ बॅटरीच्या निगेटिव्हला आणि प्रोब सिग्नलला. इंडक्टिव्ह सेन्सरसाठी थोडं थांबा. अनेक ईसीयू त्या दोन वायरींवर एक-दोन व्होल्टचा बायस (कायम ठेवलेलं थोडं व्होल्टेज) ठेवतात, म्हणजे कुठलीच वायर खऱ्या अर्थाने अर्थ नसते. स्कोप जोडलेला तुमचा लॅपटॉप चार्जरवर असेल किंवा दुसऱ्या चॅनेलचा अर्थ आधीच बॅटरीला लावलेला असेल, आणि तुम्ही स्कोपचा काळा क्लिप सेन्सरच्या एका वायरला लावला, तर तो बायस तुम्ही थेट अर्थ करता. चालती गाडी बंद पडू शकते. त्यापेक्षा दोन चॅनेल दोन वायरींवर लावा, दोन्हींचे अर्थ बॅटरीला द्या आणि स्कोपला दोघांतला फरक काढायला सांगा. वायरी कशा वागतात हे वेगवेगळंही दिसतं आणि खरा सिग्नलही मिळतो.

सेटिंग काय ठेवू?

सेल्फवर इंजिन साधारण २०० ते २५० आरपीएमने फिरतं, म्हणजे एका फेऱ्याला २४० ते ३०० मिलिसेकंद लागतात. स्क्रीनवर किमान दोन फेरे, म्हणजे कॅमचा एक पूर्ण फेरा मावला पाहिजे. म्हणून स्क्रीनवरच्या एका चौकटीला ५० ते १०० मिलिसेकंद. आयडलला ८०० आरपीएमवर फेरा ७५ मिलिसेकंदांचा होतो, तिथे २० पुरतात. कॉइलच्या सेन्सरला सेल्फवर ५ ते १० व्होल्टची रेंज ठेवा. इंजिन चालू झाल्यावर हा सिग्नल दहा-वीस व्होल्टच्या पुढे जातो आणि जास्त आरपीएमला आणखी चढतो, म्हणून १०:१ प्रोब (व्होल्टेज दहापट कमी करून देणारा) हाताशी असू द्या. ट्रिगर (स्कोपने चित्र कुठून सुरू करायचं ती खूण) कॅमवर लावा. फेऱ्यात तो क्वचित येतो, त्यामुळे चित्र जागचं हलत नाही.

इंडक्टिव्ह सेन्सरची चांगली लहर कशी दिसते?

साइन लहरींची रांग आणि मध्येच एक मोकळी जागा. रांगेतली प्रत्येक लहर म्हणजे एक दात. फार वापरल्या जाणाऱ्या ६० वजा २ च्या चाकात ५८ दाते असतात आणि दोनांची जागा रिकामी. एक दात म्हणजे क्रँकचे ६ अंश. ३६ वजा १ चं चाकही बऱ्याच गाड्यांत मिळतं, त्यात एक दात १० अंशांचा. मोकळ्या जागेशेजारची लहर इतरांपेक्षा उंच दिसते. तो बिघाड नाही, शेजारी दात नसल्यामुळे चुंबकीय बदल तिथे मोठा होतो.

उंची वेगावर अवलंबून असते, कारण फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेला नियमच तसा आहे : चुंबकीय बदल जितका झटकन, तितकं व्होल्टेज जास्त. यातून एक साधी गोष्ट निघते, आणि ती कायम विसरली जाते. बॅटरी कमजोर असेल तर सेल्फ हळू फिरतो, सेल्फ हळू फिरला तर सेन्सरचा सिग्नल खाली येतो, आणि दोष सेन्सरवर ढकलला जातो. म्हणून आधी बॅटरी पाहा. सेल्फ चालू असताना तिचं व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल, तर सेन्सरचा विचार नंतर.

लहरींची उंची सारखी नाही. काय समजायचं?

हा माझ्या आवडीचा प्रश्न आहे. एकच लहर दर फेऱ्याला त्याच जागी बुटकी किंवा वाकडी येत असेल, तर तो एक दात दुखावलेला आहे : वाकलाय, तुटलाय किंवा त्यावर काही चिकटलंय. मोकळ्या जागेपासून दाते मोजले की तो नेमका कितवा हेही कळतं, आणि गिअरबॉक्स खाली घेण्याआधीच तुम्हाला कुठे पाहायचं ते माहीत असतं.

सगळ्या लहरी फेऱ्याबरोबर हळूहळू उंच आणि पुन्हा हळूहळू बुटक्या होत असतील, तर चाक डगमगतं आहे. ते वाकडं बसलंय किंवा फ्लायव्हीलची बैठक बिघडली आहे. फट एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त होते, तेच स्क्रीनवर उमटतं. इथे सेन्सर दहा वेळा बदलला तरी चित्र बदलणार नाही. सगळ्याच लहरी सारख्या, पण बुटक्या असतील, तर फट वाढलेली, टोकावर चुरा, किंवा कॉइलचे काही वेढे आतल्या आत जुळलेले. सेन्सर काढून टोक पुसा, बसण्याची जागा साफ करा आणि पुन्हा पाहा. फट अनेक गाड्यांत अर्धा ते दीड मिलिमीटर असते. सेन्सरखाली जास्तीचं वॉशर राहिलं तरी सिग्नल बराच खाली येतो.

हॉल सेन्सरच्या चौकोनी लहरीत काय बघू?

चार गोष्टी : वरची पातळी, खालची पातळी, कडा आणि फेऱ्यातल्या दात्यांची मोजदाद.

हॉल सेन्सर स्वतः ५ व्होल्ट पाठवतो, ही अनेकांची समजूत चुकीची आहे. ते व्होल्टेज ईसीयू एका रेझिस्टरमधून सिग्नलच्या वायरवर ठेवतो, आणि सेन्सर आतल्या ट्रान्झिस्टरने ती वायर अर्थकडे ओढतो. हे डोक्यात पक्कं बसलं की निदान सोपं होतं. सेन्सरचा कनेक्टर काढला की हार्नेसच्या सिग्नल पिनवर ५ व्होल्ट यायला हवेत. आले नाहीत तर वायर तुटली आहे, अर्थला लागली आहे किंवा ईसीयूची बाजू गेली आहे. सेन्सरचा त्यात संबंध नाही.

आता खालची पातळी. ती अर्ध्या व्होल्टच्या आत हवी. समजा ती ०.८ वर अडकते. लगेच सेन्सरला बाद करू नका. दुसरा प्रोब सेन्सरच्या अर्थ पिनवर ठेवा, बॅटरीच्या निगेटिव्हशी तुलना करून. तिथेही ०.८ च्या जवळपास दिसले तर अर्थची वायर सडलेली आहे. अर्थ पिनवर जेमतेम ०.०५ असेल आणि सिग्नल तरीही ०.८ वर, तर सेन्सरचा ट्रान्झिस्टर थकला. वरची पातळी ५ ऐवजी ३ वर राहत असेल तर कनेक्टर काढा. काढताच ५ झाली तर गळती सेन्सरमध्ये, नाही तर वायरीत किंवा ईसीयूत.

कडा उभ्या आणि स्वच्छ हव्यात. वर जाणारी कड किंचित गोल असते, कारण ती रेझिस्टरमधून चढते. खाली येणारी कड मात्र तीक्ष्ण हवी.

माझ्या हॉल सेन्सरवर चौकोन नाहीत, नुसते बारीक काटे आहेत. सेन्सर गेला का?

थांबा. काही गाड्यांत, विशेषतः रस्त्यावरच्या लाल दिव्याला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्यांत, क्रँक सेन्सर फिरण्याची दिशाही सांगतो. इंजिन बंद होताना क्रँक जरासा उलटा झोका घेतो आणि नेमका कुठे थांबला हे ईसीयूला ठाऊक लागतं. असे सेन्सर प्रत्येक दाताला मायक्रोसेकंदांतला एक ठरावीक रुंदीचा पल्स देतात, आणि उलट फिरताना ती रुंदी बदलते. मोठ्या टाइमबेसवर ते काट्यांसारखे दिसतात. झूम करा.

वायरी उलट लागल्या तर?

इंडक्टिव्ह सेन्सरमध्ये फरक पडतो. ईसीयू लहर शून्यातून एका ठरावीक दिशेने जाण्याची वाट पाहतो. वायरी उलटल्या की तो चुकीची कड पकडतो, वेळ अर्ध्या दाताइतकी, म्हणजे ६० च्या चाकावर सुमारे ३ अंश सरकते आणि मोकळी जागाही त्याला नीट ओळखू येत नाही. हार्नेसची दुरुस्ती झालेली असेल आणि त्यानंतर गाडी उशिरा उचलत असेल, तर हे आधी पाहा. पण तुमच्याच प्रोबच्या वायरी उलट लागल्या तरी स्क्रीनवर तेच चित्र दिसतं. निकाल देण्याआधी स्वतःची जोडणी तपासा.

टायमिंग बेल्ट सरकलाय का, हे कव्हर न उघडता कळेल?

कळेल, आणि स्कोप घेण्यासाठी मला हे एकच कारण पुरेसं वाटतं. क्रँक एका चॅनेलवर, कॅम दुसऱ्यावर. क्रँकच्या मोकळ्या जागेपासून कॅमच्या कडेपर्यंत किती दाते येतात ते मोजा आणि त्याच इंजिनच्या चांगल्या गाडीच्या नोंदीशी ताडून पाहा. क्रँकच्या पुलीला २० दाते असतील तर बेल्टचा एक दात म्हणजे १८ अंश, ६० च्या चाकावर स्कोपमध्ये नेमके ३ दाते. हा फरक डोळ्यांना सहज दिसतो. ताणलेली चेन मात्र एकदम सरकत नाही. तिथे अर्ध्या-एका दाताचा फरक शोधावा लागतो, म्हणून झूम करून अंशांत मोजा.

एक खबरदारी. ज्या इंजिनात कॅमची वेळ चालता चालता बदलते, तिथे सेल्फवर किंवा आयडलवर, कॅम मूळ जागी असतानाच मोजा. नाही तर चांगल्या इंजिनला नावं ठेवाल.

गरम झाल्यावर गाडी बंद पडते, थंड झाली की चालते. कसं पकडू?

क्रँक सेन्सरच्या कॉइलची ही जुनीच खोड आहे. तापल्यावर आतली बारीक तार प्रसरण पावून सुटते. पण कनेक्टरची सैल पिन आणि एक्झॉस्टजवळून गेलेली वायरही अगदी असंच वागतात, म्हणून बिघाड घडत असतानाच पाहायला हवा. सप्लाय, अर्थ, सिग्नल तिन्ही लावून स्कोप सलग रेकॉर्डिंगवर ठेवा आणि गाडी तापू द्या. सेन्सर हीट गनने बेताने तापवता येतो. गाडी बंद पडल्यावर मागे जाऊन पाहा : इंजिन फिरत असताना सिग्नल आधी गेला, की सिग्नल शेवटपर्यंत नीट मंदावत गेला? मंदावत गेला असेल तर सेन्सर निर्दोष आहे, इंधन किंवा इग्निशनकडे वळा.

एका गाडीला दुसऱ्या ठिकाणी दोन सेन्सर बदलून झाले होते. रेकॉर्डिंगमध्ये सिग्नल जाण्याआधी सेन्सरचा सप्लाय कोसळताना दिसला. ब्रॅकेटवर घासलेली ती वायर हाताने हलवली की इंजिन बंद पडायचं.

थ्रॉटल पोझिशन सेन्सरही याच पद्धतीने तपासायचा का?

हो, आणि तो सोपा आहे. एका चौकटीला अर्धा ते एक सेकंद, इग्निशन चालू, इंजिन बंद. पेडल हळूहळू पूर्ण दाबा आणि सोडा. जुन्या रेझिस्टरच्या सेन्सरमध्ये साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचारपर्यंत सरळ चढण दिसली पाहिजे. मध्येच खाली उतरलेली बारीक रेघ म्हणजे झिजलेला ट्रॅक, आणि ती बहुधा थोड्याच उघडलेल्या थ्रॉटलवर सापडते, कारण गाडी सगळ्यात जास्त तिथेच चालते. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलला दोन ट्रॅक असतात. अनेकांत एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो आणि दोघांची बेरीज कायम ५ राहते. स्कोपवर बेरीज काढली की खोट लगेच दिसते. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये बोट घालू नका, मोटर झडप जोरात मिटवते.

क्रँकच्या सिग्नलवरून मिसफायर (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन न पेटणं) दिसतो म्हणतात, खरं का?

खरं आहे. क्रँक कधीच एकसारख्या वेगाने फिरत नाही. कॉम्प्रेशनला अडखळतो, पॉवर स्ट्रोकला धावतो. चार सिलिंडरच्या इंजिनात ही उचल दर १८० अंशांना, म्हणजे ६० च्या चाकावर दर ३० दात्यांना येते. स्कोपला सिग्नलची फ्रीक्वेन्सी आलेखात काढायला सांगा. दोन फेऱ्यांत चार उंचवटे दिसायला हवेत, प्रत्येक सिलिंडरचा एक. एखादा गायब असेल तर तो सिलिंडर काम करत नाही. मोकळ्या जागेमुळे दर फेऱ्याला येणारा खोटा काटा सोडून द्या. इंधन बंद करून नुसता सेल्फ मारला तर याच आलेखात सिलिंडरांचं कॉम्प्रेशन एकमेकांच्या तुलनेत पाहता येतं.

जपायचं काय?

गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, बाह्या आणि लीड बेल्ट-पंख्यापासून लांब, आणि बंद जागेत इंजिन चालवायचं नाही. इग्निशन कॉइलच्या प्रायमरीवर ३०० ते ४०० व्होल्ट उसळतात, तिथे अटेन्युएटरशिवाय (व्होल्टेज कमी करणाऱ्या जोडाशिवाय) स्कोप लावला तर स्कोप जाऊ शकतो. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी, म्हणजे मोठ्या व्होल्टेजच्या, केबलला प्रशिक्षणाशिवाय हात लावू नका.

चांगल्या गाडीची लहर तुलनेला कुठून आणू?

स्वतः साठवा. हातात आलेली प्रत्येक निरोगी गाडी दोन मिनिटं स्कोपला लावा : सेल्फवर एक, आयडलवर एक, क्रँक आणि कॅम एकत्र. फाइलच्या नावात इंजिनचा कोड, साल, कुठल्या पिना आणि इंजिन गरम होतं की थंड, एवढं लिहा. इंजिनचा कोड गाडीच्या नावापेक्षा महत्त्वाचा, कारण एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळी इंजिनं असतात आणि कॅमच्या कडाही वेगळ्या.